तक्रारीच्या टेबलावरचा फोन

एकदा एका व्यापाऱ्याच्या पेढीतले फोन बोलता बोलता मध्येच तुटू लागले.

हा व्यापारी घरघंट्या विकायचा, म्हणजे घरच्या घरी पीठ दळायच्या विजेच्या चक्क्या. माणूस सरळ, पण भारी शिस्तीचा. पेढीतले जुने टेलिफोन काढून त्याने इंटरनेटवर चालणारे नवे फोन बसवून घेतले होते, आणि ते बसवून देणारा तरुण हा आपल्या कथेतला शिष्य होय. शिष्य म्हटले की पहाटे उठून समिधा गोळा करणारा कोणी आपल्या डोळ्यांपुढे येतो. याच्या पाठीवर पिशवी होती आणि पिशवीत पक्कड, तारा आणि लॅपटॉप. त्याचे गुरूही जटाधारी नव्हते. जुन्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये उभे आयुष्य घालवून निवृत्त झालेले ते एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी त्याला हाताशी धरून विद्या दिली, म्हणून तो त्यांना गुरुजी म्हणत असे.

तर फोन तुटत होते. रोज तुटत असते तर शिष्याला काही वाटले नसते. रोजचे दुखणे सापडते. हे दुखणे लहरी होते. चार दिवस सारे सुरळीत, मग एकाच दुपारी दोनदा फोन बंद. बोलणारा बोलतच असतो आणि पलीकडे एकदम सामसूम. शिष्य धावत येई आणि स्वतः फोन लावून पाही. "हॅलो, हॅलो, येतोय का आवाज? एक, दोन, तीन, आता येतोय का?" आवाज खणखणीत येई. तो बोलत राही, घसा कोरडा पडेपर्यंत बोले, पण त्याच्यापुढे फोन एकदाही तुटला नाही. दंतवैद्याच्या दारात गेल्यावर दाढ दुखायची थांबते, तसला हा प्रकार.

त्याने तारा बदलल्या. भिंतीवरच्या पेटीतले यंत्र बदलले. पेटीत पाल शिरते असे कोणी सांगितले म्हणून पेटीची भोके बुजवली. शेजारच्या खोलीत विक्रीआधी सगळ्या चक्क्या चालवून पाहत. त्या मोटारींमुळे विजेत काही घोटाळा होत असेल म्हणून त्याने फोनच्या यंत्राला वेगळी वीज दिली. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला विचारले, तर "आमच्याकडून सगळं ओके आहे सर" हे त्यांचे उत्तर ठरलेले. शेवटी विक्रीच्या टेबलावर बसणाऱ्या गृहस्थाने पेटीला लिंबू-मिरची बांधली. शिष्य इतका गोंधळलेला होता, की त्याने ती काढली नाही. न जाणो, उपयोग झाला तर झाला.

एवढ्यावर भागले असते तर ही कथा विनोदी झाली असती. पण या घोटाळ्यात एका बाईंची नोकरी अडकली होती.

त्या बाईंचे नाव शालनताई. पेढीत तक्रारीच्या टेबलावर त्या एकट्याच बसत. चक्की गरम होते, पीठ जाडसर येते, बाजरी घातली की खडखड वाजते, असली गाऱ्हाणी त्या वर्षानुवर्षे ऐकत आल्या होत्या. घर त्यांच्याच पगारावर चालत होते. अधूनमधून फोन तसा इतरांचाही तुटे. एकदा तर खुद्द व्यापाऱ्याचा, सासऱ्यांशी बोलताना तुटला होता. पण सर्वांत जास्त तुटत ते शालनताईंचे. आणि तुटे तोही नेमका गिऱ्हाईक पोटतिडकीने बोलत असताना. मग ते गिऱ्हाईक दुसरा फोन लावी तो सरळ व्यापाऱ्याला. "मी माणसासारखा सांगत होतो हो, आणि तुमच्या बाईंनी फोन आपटला!"

एकाने सांगितले, दुसऱ्याने सांगितले. मग एक निवृत्त मुख्याध्यापक स्वतः पेढीवर आले आणि चारचौघांत म्हणाले, "आमच्या शाळेतली पोरंसुद्धा असा उर्मटपणा करत नव्हती."

व्यापाऱ्याने शिष्याला बोलावले. "मला एकच सांग. यंत्रात दोष आहे का?"

शिष्याने होते नव्हते ते सगळे तपासले होते. तो म्हणाला, "यंत्रात दोष नाही, शेठ."

बोलला ते प्रामाणिकपणेच बोलला. पण त्या वाक्याचा अर्थ काय होतो, हे घरी जाताना वाटेत त्याच्या ध्यानात आले. यंत्रात दोष नाही, तर दोष माणसात. व्यापाऱ्याने त्याच संध्याकाळी शालनताईंना सांगितले, की हा महिना पुरा करा आणि दुसरीकडे बघा. त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. बोलल्या नाहीत, त्याअर्थी कबूलच केले, असे सगळ्यांनी धरले.

शिष्याला अन्न गोड लागेना. बाई खरेच फोन आपटत असतील काय? चेहऱ्यावरून तर वाटत नाही. पण चेहऱ्यावरून काय कळते? आणि त्या आपटत नसतील, तर मग फोन तोडतो कोण? विचार करून करून त्याच्या डोक्याचा भुगा झाला. अखेर तो गुरुजींकडे गेला आणि त्याने सारा वृत्तांत सांगितला.

गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "फोन तुटला तेव्हा ती बाई काय करत होती?"

"ते मला कसं ठाऊक असणार? मी तारा पाहिल्या."

"बरं," गुरुजी म्हणाले, "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी गुरुजी पेढीवर आले. व्यापाऱ्याने खुर्ची दिली, चहा मागवला. शिष्याने उत्साहाने पेटी उघडून दाखवली. गुरुजींनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. चहा संपवला, खिशातून मोबाइल काढला आणि म्हणाले, "मी समोरच्या देवळाच्या पायरीवर बसतो. तिथून मी फोन करीन. तुम्ही दोघं इथेच उभे राहा आणि फोनकडे नका बघू. फोन घेणाऱ्या माणसाकडे बघा."

एवढे बोलून ते रस्ता ओलांडून गेलेदेखील. व्यापाऱ्याने शिष्याकडे पाहिले. शिष्याने मान हलवली. त्यालाही काही उमगले नव्हते.

पहिला फोन वाजला तो विक्रीच्या टेबलावर. तिथल्या गृहस्थाने तो उचलला. गुरुजी पलीकडून सांगू लागले, की त्यांच्या वहिनींनी चक्की घेतली आहे, आता त्या वहिनी म्हणजे थोरल्या भावाच्या बायको, आणि थोरला भाऊ म्हणजे... इतक्यात हा गृहस्थ म्हणाला, "हो हो, कळलं. कुठलं मॉडेल?" गुरुजी पुढे बोलू लागले. "बरोबर, बरोबर. पण बिल आहे का?" पुन्हा गुरुजी. "ते होतं हो आजोबा, त्याचं काही नाही, तुम्ही असं करा..." गुरुजींचे एकही वाक्य पुरे झाले नाही, पण फोन मात्र शेवटपर्यंत टिकला.

व्यापारी कौतुकाने म्हणाला, "बघितलंस? याचा कधी तुटत नाही."

मग तक्रारीच्या टेबलावरचा फोन वाजला. शालनताईंनी उचलला. "नमस्कार, बोला." गुरुजींनी तीच वहिनींची कथा पहिल्यापासून सुरू केली. शालनताईंनी फोनवरचे एक बटण दाबले, कागद पुढे ओढला आणि त्या ऐकू लागल्या. काय ऐकणे होते ते! डोळे मिटलेले, कपाळावर एक बारीकशी आठी, मध्येच मान हलवायच्या, मध्येच 'अगं बाई' असा चेहरा करायच्या. समोर जणू गुरुजी बसलेच आहेत. गुरुजींची कथा वहिनींवरून भावावर, भावावरून त्याच्या गुडघ्यावर आणि गुडघ्यावरून नाचणीच्या भाकरीवर गेली. शालनताईंनी त्यांना एकदाही अडवले नाही.

आणि फोन तुटला.

"बघा!" व्यापारी ओरडला. "तुझ्यादेखत! आता तरी पटलं?"

शालनताईंनी डोळे उघडले. हातातल्या फोनकडे आणि मग या दोघांकडे पाहिले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. शिष्याने त्यांना बटण दाबताना पाहिले होते. पण ते आधी, अगदी सुरुवातीला. तुटला तेव्हा त्यांचे दोन्ही हात त्याला दिसत होते, एक कागदावर आणि एक कानाशी. मग तोडला कोणी? आता तर त्याला स्वतःच्या डोळ्यांचाही भरवसा वाटेना.

फोन पुन्हा वाजला. "ताई," पलीकडून गुरुजी म्हणाले, "मघाशी तुम्ही बटण दाबलंत आणि चक्क्यांची घरघर मला ऐकू येईनाशी झाली. या खेपेला ते बटण दाबू नका. आणि मी बोलत असताना नुसतं 'हुं, हुं' म्हणत राहा."

"पण आजोबा, बटण दाबायचा नियम आहे आमच्याकडे. शेजारी चक्क्या चालतात. गिऱ्हाइकाला आवाजाचा त्रास नको म्हणून साहेबांनी सांगितलंय, गिऱ्हाईक बोलत असलं की आपल्याकडचा आवाज बंद करायचा."

"साहेबांना मी सांगतो. तुम्ही 'हुं' म्हणा."

शालनताईंनी व्यापाऱ्याकडे पाहिले. त्याने नाइलाजाने मान डोलावली. मग गुरुजींनी तीच कथा तिसऱ्यांदा सांगितली. वहिनी, भाऊ, गुडघा, नाचणी. शेजारी चक्क्यांची घरघर चालू होती आणि शालनताई "हुं... हुं... अगं बाई... हुं" म्हणत होत्या. कथा नाचणी ओलांडून ज्वारीवर आली, ज्वारीवरून वहिनींच्या माहेरी गेली, तिथल्या एका लग्नात जेवली आणि संपली. फोन तुटला नाही.

व्यापाऱ्याने विचारले, "म्हणजे काय, मंत्र आहे की काय हा? 'हुं' म्हटलं की फोन टिकतो?"

शिष्याच्या साऱ्या विद्येत 'हुं' असा शब्द कुठेच आलेला नव्हता. काय चालले आहे हे त्या खोलीत कोणालाच कळत नव्हते आणि सर्वांत कमी त्याला.

गुरुजी परत आले, खुर्चीवर बसले आणि व्यापाऱ्याला म्हणाले, "शेठ, त्या दिवशी सासरेबुवांचा फोन तुटला, तेव्हा आपण काय करत होतात?"

व्यापारी जरा चपापला. "मी? ऐकत होतो की. म्हणजे... त्यांचं बोलणं जरा लांबतं. बटण दाबलं होतं आणि इकडे माल उतरवून घेत होतो."

"आणि फोन तुटला, तेव्हा कोणी म्हणालं का, की शेठनी सासऱ्यावर फोन आपटला?"

"छे! असं कोण म्हणेल?"

"नाहीच म्हणणार. मालकाचा तुटला तर ते यंत्र, आणि बाईचा तुटला तर तो स्वभाव." मग ते शिष्याकडे वळले. "फोन बसवलेस तेव्हा एक व्यवस्था केली होतीस, मला सांगितलंही होतंस. आठवते का? ज्या बाजूला आवाज नसेल, त्या बाजूने फोनने काही पाठवायचंच नाही."

"हो गुरुजी. इंटरनेटवर भार कमी पडावा म्हणून."

"चांगली गोष्ट. आणि दुसरी?"

शिष्य आठवू लागला. कोणीतरी फोन तसाच टेबलावर ठेवून जेवायला गेले होते आणि लाइन अडकून पडली होती. तेव्हा त्याने आणखी एक आज्ञा यंत्राला दिली होती. एका बाजूने बराच वेळ काहीच आले नाही, तर तिथे माणूस नाही असे समजायचे आणि फोन बंद करायचा.

"तीही..." तो म्हणू लागला, आणि थांबला. त्याने शालनताईंच्या फोनवरच्या त्या बटणाकडे पाहिले. मग त्याच्या कानशिलांपर्यंत रक्त चढले.

गुरुजी हळूहळू बोलू लागले. "तीही चांगलीच गोष्ट. आणि शेठचा नियमही चांगला, गिऱ्हाइकाच्या कानाला त्रास नको. तिन्ही गोष्टी शहाणपणाच्या, तिन्ही एकत्र आल्या आणि एका बाईच्या मुळावर उठल्या. या पेढीत नियम मनापासून पाळणारी ही एकटी, आणि समोरच्याला पुरतं बोलू देणारीही ही एकटीच. तो विक्रीवाला बटण दाबत नाही आणि कोणाला वाक्यही संपवू देत नाही, म्हणून त्याचा फोन कधी तुटत नाही. तूही परीक्षा घेताना अखंड बडबडत होतास, म्हणून तुझ्यापुढे तुटला नाही. ही गप्प बसून ऐकते. यंत्राला वाटतं, तिथे कोणी नाहीच. बिचाऱ्या यंत्राला शांतता आणि गैरहजेरी यांतला भेद कळत नाही. त्याला तो तू शिकवला नाहीस."

शिष्य चाचरत म्हणाला, "मग गुरुजी, उपाय सोपा आहे. ताईंना सांगू, की बटण दाबू नका आणि मधूनमधून 'हुं' म्हणत जा. गोष्ट ऐकणाऱ्यानं हुंकार द्यावा, असं जुनी माणसं म्हणतातच की."

आपण मर्म ओळखले असे त्याला वाटले होते. गुरुजींनी मात्र मान हलवली.

"अरे बाबा, हुंकार द्यावा हे खरं. सांगणाऱ्याला तेवढाच धीर येतो. पण दिला नाही, तर त्याची शिक्षा फाशी नसते. नीट ऐकणाऱ्या माणसानं आपलं ऐकणं का बदलावं? तू आपली आज्ञा बदल. चोर सोडून संन्याशाला सुळी देणं एकदा झालं, तेवढं पुरे."

शिष्याने लॅपटॉप उघडला. ज्या कामासाठी त्याने भिंती पोखरल्या होत्या, ते काम चार कळा दाबून झाले. झाले तरी त्याला हलके वाटेना.

व्यापारी घसा खाकरून म्हणाला, "शालनताई, झालं गेलं विसरून जा. तुमची नोकरी आहे तशीच आहे." एवढे बोलून प्रकरण मिटले, अशा थाटात तो उठू लागला. शालनताई नेहमीप्रमाणे गप्प उभ्या होत्या. त्यांचे डोळे मात्र भरून आले होते.

त्या गप्प उभ्या राहण्याकडे पाहताना शिष्याला एकदम लख्ख दिसले. त्या संध्याकाळीही त्या अशाच उभ्या होत्या. तेव्हा सगळ्यांनी काय केले होते? बराच वेळ आवाज आला नाही, तेव्हा बाजू मांडायला तिथे कोणी नाहीच असे धरले आणि मोकळे झाले. यंत्राला निदान कोणी शिकवले नव्हते. आपल्याला काय झाले होते? तारा तपासल्या, पेटी तपासली, पालीचीसुद्धा चौकशी केली. ज्यांचा फोन तुटत होता, त्यांना मात्र एकदाही जाऊन विचारले नाही.

तो त्यांच्या टेबलापाशी गेला. म्हणाला, "ताई, यंत्रात दोष नाही असं मीच सांगितलं होतं. चुकलो मी. त्या वेळी तुम्ही काहीच का नाही बोललात?"

शालनताईंनी पदराने डोळे टिपले. "कोणी विचारलं असतं तर बोलले असते," त्या म्हणाल्या.

अर्धवट उठलेला व्यापारी पुन्हा खाली बसला. त्याने विक्रीच्या टेबलावरच्या गृहस्थाला हाताने खूण करून शेजारच्या खोलीतल्या चक्क्या बंद करायला लावल्या. घरघर थांबली आणि पेढीत इतकी शांतता झाली, की रस्त्यावरच्या भाजीवालीचा आवाज आत येऊ लागला.

"आता विचारतो," व्यापारी म्हणाला. "बसा शालनताई. काय काय झालं ते सांगा. पहिल्यापासून."

त्या बसल्या. आधी अडखळत, मग सरळ, त्या सांगू लागल्या. फोन तुटल्यावर त्या दर वेळी स्वतःहून गिऱ्हाइकाला परत फोन करत होत्या, पण रागावलेली माणसे तो उचलत नव्हती. त्या मुख्याध्यापकांच्या घरी तर त्या एका रविवारी स्वतः जाऊन आल्या होत्या. त्यांनी दार उघडले नाही, म्हणून त्या पायरीवर त्यांच्या चक्कीसाठी नवा पट्टा ठेवून आल्या होत्या. हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. व्यापारी ऐकत होता. समोर त्याचा स्वतःचा फोन वाजून वाजून थांबला, पण त्याने तो उचलला नाही.

गुरुजींनी शिष्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघे आवाज न करता बाहेर पडले. वाटभर शिष्य काही बोलला नाही, आणि गुरुजींनीही त्याला का गप्प आहेस म्हणून टोकले नाही.

आपल्याही घरात, कचेरीत एखादे माणूस बरेच दिवस गप्प असेल, तर त्याच्या वतीने निकाल लावण्यापूर्वी त्याच्याजवळ बसून एकदा विचारावे, बाबा रे, तुझे काय म्हणणे आहे?